ओष्ठवाचनाचा वर्ग कसा उभा करायचा आणि शिकवणाऱ्या बाईंना कसं टिकवायचं

मी बँकेत काउंटरवर होते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी दोन्ही कानांचं ऐकणं उतरायला लागलं, ते आधी आकड्यांमध्ये जाणवलं. काचेपलीकडचा माणूस सात हजार म्हणाला की साठ हजार, कळेना. स्लिपवर आकडा लिहिलेला असायचा म्हणून निभावलं. घरी स्लिप नसते. जेवताना सगळे हसले की मीही हसायचे आणि नंतर भांडी आवरताना विचार करत राहायचे की नक्की काय बोलले असतील.

कानाचं मशीन घेतलं. शांत खोलीत एकाशी बोलताना फरक पडला, पण लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, रिक्षात नुसता गलका. तेव्हा माझ्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नकळत ओठ बघताच आहात. तेच नीट शिका." कुठे शिकायचं, हे शोधण्यात पुढचं दीड वर्ष गेलं. कर्णबधिर मुलांसाठी पुण्यात जुन्या, चांगल्या शाळा आहेत. मोठेपणी ऐकू येणं कमी झालेल्या माणसासाठी मला माझ्या आसपास काही सापडलं नाही. शेवटी आम्ही पाच-सहा जणांनी मिळून कोथरूडमध्ये वर्ग सुरू केला. तो चार महिन्यांत बंद पडला. दुसरा सुरू केला, त्याला आता तीन वर्षं झाली.

पहिल्या वर्गाला शिकणारे कमी पडले नव्हते. शिकवणाऱ्या बाई एकट्या पडल्या होत्या. जागेची किल्ली त्यांच्याकडे, झेरॉक्स त्यांनी काढायच्या, कोण येणार नाही याचे मेसेज त्यांना, पंखा आवाज करतो ही तक्रारही त्यांच्याकडेच. एके दिवशी वर्ग संपल्यावर त्या पर्स उचलत "मी दमले" म्हणाल्या. मला ते ऐकू आलं नाही, ओठांवर दिसलं. पुढच्या आठवड्यापासून वर्ग थांबला. तुमच्या भागात असा वर्ग सुरू करायचा असेल तर ही चूक तुम्ही करू नये, म्हणून क्रमानं सगळं लिहिते आहे.

१. आधी कान तपासा, मग डोळे

कान-नाक-घसा डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्ट, दोघांकडे जाऊन या. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. कोणत्या पट्टीतले आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, हे त्यावरून कळतं. उंच पट्टीतलं ऐकणं गेलेल्या माणसाला स्वर ऐकू येतात, पण स, श, त, च असे आवाज गळून जातात. "आवाज येतो पण शब्द कळत नाही" ही तक्रार बहुतेक त्यामुळेच असते.

एक गोष्ट ठळकपणे सांगते. एका कानानं अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं असेल, तर वर्ग वगैरे शोधत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

कानांनंतर डोळे. हे कुणी सांगत नाही. आमच्या वर्गात साठीपुढचे एक काका होते. त्यांना दोन महिने काहीच जमेना, आणि ते स्वतःलाच दोष देत राहिले. निघाला मोतीबिंदू. ऑपरेशननंतर तेच काका सगळ्यांच्या पुढे गेले. पाच-सहा फुटांवरचा चेहरा बारकाव्यानं दिसला पाहिजे, त्यामुळे चष्म्याचा नंबर वर्गाआधीच तपासून घ्या.

मशीन असेल तर वर्गात ते लावूनच बसायचं. ओठ बघणं आणि उरलेलं ऐकणं, दोन्ही मिळून शब्द तयार होतो. एकाच्या जोरावर दुसरं सोडायचं नसतं. पावसाळ्यात मशीन दमट होतं, ते रात्री कोरड्या डबीत ठेवा, आणि बॅटरीचा जादा जोड पर्समध्ये असू द्या.

२. ओठांवर काय दिसतं, काय दिसत नाही

हे न समजता वर्गाला बसलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन सोडून जातो. त्यामुळे पहिल्याच दिवशी आरसा घेऊन बसा आणि हे करून बघा.

"मीठ" म्हणा. मग "पीठ" म्हणा. मग "बीट". आवाज न काढता पुन्हा म्हणा. आरशात तिन्ही अगदी एकसारखे दिसतील. प, फ, ब, भ, म या सगळ्यांना ओठ मिटतात आणि उघडतात. आवाज घशातून निघाला की नुसती हवा गेली, नाकातून गेला की तोंडातून, यातलं काही बाहेरून दिसत नाही. म्हणून बाबा, मामा आणि पापा ओठांवर एकच. पोळी, मोळी, भोळी एकच. भाजी आणि माझी एकच.

माझ्या स्वयंपाकघरातली गोष्ट सांगते. सुनेनं ओट्याशी उभं राहून मागितलं पीठ, मी दिला मिठाचा डबा. ती पाठमोरी नव्हती, मोठ्यानं बोलली होती, मी तिच्याकडे नीट बघत होते. तरी चुकलं, कारण त्या शब्दापुरतं तिच्या चेहऱ्यावर फरक करण्यासारखं काही नव्हतंच. आता ती "पोळ्यांचं पीठ द्या" म्हणते. तो एक जादा शब्द सगळं काम करतो.

आणखी एक गट अजिबात दिसत नाही. क, ख, ग, घ आणि ह हे मागे, घशाजवळ होतात. काल, गाल, खाल, हाल आरशात म्हणून बघा. आई आणि गाईसुद्धा जवळपास सारखेच दिसतात.

दिसतं काय, तर स्वर. आ ला तोंड उघडतं, ई ला ओठ फाकतात, ऊ आणि ओ ला गोल होतात. आला आणि गेला यांतला फरक त्या स्वरांमुळेच पकडता येतो. त, द, न म्हणताना जीभ दातांजवळ दिसते. ट, ड, ण म्हणताना ती मागे वळते. सात आणि साठ यांतला फरक तेवढाच, आणि तो सरावानं चांगल्या उजेडात कधी दिसतो, कधी नाही. मराठीतले दोन च सुद्धा वेगळे दिसतात. "चार" मधल्या च ला ओठ किंचित पुढे येतात, "चाक" मधल्या च ला तसे येत नाहीत. फ चं मात्र माणसागणिक बदलतं. कुणी "फळ" म्हणताना दोन्ही ओठ मिटतं, कुणी वरचे दात खालच्या ओठावर टेकवतं.

म्हणजे ओठ वाचणं हे निम्मं बघणं आणि निम्मं जुळवणं आहे. विषय माहीत असेल तर मेंदू योग्य शब्द निवडतो. ताट समोर असताना "पोळी" असते, लाकूडतोड्याच्या गोष्टीत "मोळी". म्हणून चांगल्या बाई कुठलाही सराव सुरू करण्याआधी फळ्यावर विषय लिहितात. "आज मंडईतली भाजी." एवढं लिहिलं की वर्गाचे खांदे सैल झालेले दिसतात.

"महिन्यात ऐकू यायला लागेल" किंवा "मशीनची गरजच उरणार नाही" असं कुणी सांगत असेल तर तिथून निघा. ओष्ठवाचनानं कान सुधारत नाहीत. बोलण्यातला आपला वाटा परत मिळतो, आणि माझ्यासाठी ते खूप आहे.

३. शिकवणारी व्यक्ती कुठे शोधायची

तीन प्रकारची माणसं हे काम चांगलं करतात.

पहिले ऑडिओलॉजिस्ट. ओष्ठवाचन हा त्यांच्या श्रवण-पुनर्वसनाच्या अभ्यासाचाच भाग असतो. भारतीय पुनर्वसन परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. पुण्यात भारती विद्यापीठाचं याच विषयाचं महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. अशा ठिकाणी शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली पुण्यात भरपूर आहेत. अडचण वेळेची असते. दिवसभर क्लिनिक करून संध्याकाळी वर्ग घेणं त्यांना जड जातं.

दुसरे, कर्णबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आमच्या आताच्या बाई याच. चेहरा उजेडाकडे ठेवून बोलणं, मान खाली न घालणं, फळ्याकडे वळताना बोलणं थांबवणं, हे तीस वर्षांत त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. त्यांना एकच गोष्ट नव्यानं शिकावी लागते: समोरच्या माणसाला भाषा येते. मुलांना भाषा शिकवत शिकवत ओठ वाचायला शिकवतात. मोठ्यांची मराठी पक्की असते, त्यांना हवी असते नजर आणि धीर. "पक्षी उडतो" असली वाक्यं पन्नाशीच्या माणसाला दिली की तो दुखावतो. बँक, दवाखाना, मुलाचं लग्न, पीएमपीचा कंडक्टर असे विषय हवेत.

तिसरी, ज्यांना स्वतःला ऐकू कमी येतं आणि जी ओठ वाचायला शिकली आहेत अशी माणसं. यांचा विचार सहसा होत नाही. न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड निची या माणसाचं ऐकणं चौदाव्या वर्षी गेलं. त्यानं १९०३ मध्ये मोठ्यांसाठी ओष्ठवाचनाची शाळा काढली, आणि १९१० मध्ये तिथल्या शिकणाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना उभी केली. इंग्लंडमध्ये तर मोठ्यांना ओष्ठवाचन शिकवणाऱ्यांची स्वतंत्र संघटना आहे, आणि शिकवणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःलाच ऐकू कमी येतं. आपल्याकडेही हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. एखाद्या ऑडिओलॉजिस्टला सल्लागार म्हणून घ्या, आणि रोजचा सराव अशा माणसाकडे द्या.

भेटायला जाल तेव्हा एवढं बघा. त्या तुमच्याशी बोलताना ओठ ताणून, एकेक अक्षर तोडून बोलतात का? तसं बोलणं बघायला सोपं वाटतं, पण बाहेर कुणी तसं बोलत नाही, त्यामुळे तो सराव रस्त्यावर उपयोगी पडत नाही. नेहमीच्या लयीत, किंचित सावकाश, आवाज अगदी हळू करून बोलता आलं पाहिजे. दाढीमिशा ओठांवर येत असतील तर त्या कापायची तयारी आहे का, हेही सरांना सरळ विचारा.

४. जागा

मंगल कार्यालयाची चौकशी करू नका, भाडं परवडत नाही आणि हॉल घुमतो. महापालिकेची विरंगुळा केंद्रं, ज्येष्ठ नागरिक संघांच्या खोल्या, वाचनालयाचं सभागृह, सोसायटीचं क्लबहाऊस, या क्रमानं विचारा. ज्येष्ठ नागरिक संघाला अर्ज देताना "आपल्या सभासदांपैकी ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांच्यासाठी" असं पहिल्याच ओळीत लिहा. अध्यक्षांच्या स्वतःच्या घरात कुणीतरी तसं असतंच.

खोली बघायला वर्गाच्याच वेळी जा. दुपारी चारचा उजेड सकाळच्या उजेडापेक्षा वेगळा असतो. बघायच्या गोष्टी:

- खिडकी बाईंच्या पाठीमागे नको. मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. उजेड त्यांच्या तोंडावर आणि शिकणाऱ्यांच्या पाठीवर हवा.
- खुर्च्या अर्धगोलात लावता आल्या पाहिजेत, सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसतील अशा. आठ-दहा माणसांपेक्षा जास्त नकोत.
- पहिल्या खुर्चीपासून बाईंचं अंतर साधारण पाच-सहा फूट.
- पंख्याचा आवाज, शेजारची भजनी मंडळाची वेळ, पावसात पत्रा वाजतो का.
- फळा किंवा पांढरा बोर्ड. हा नसेल तर वर्ग नकोच.
- जिना. आमच्यातल्या निम्म्यांचे गुडघेही दुखतात.

५. पैसे: बाईंचं मानधन आधी ठरवा

समाजकार्य म्हणून फुकट शिकवा, असं कुणालाही म्हणू नका. त्या स्वतः म्हणाल्या तरी ऐकू नका. फुकट शिकवणाऱ्या माणसाला आपण नकळत गृहीत धरतो, आणि त्याला थांबायचं असेल तेव्हा बोलताही येत नाही.

आमचा हिशोब मोकळेपणानं सांगते. नऊ जण, महिन्याला ४०० रुपये, म्हणजे ३,६०० रुपये. आठवड्याला एक याप्रमाणे चार तास, प्रत्येकी ८०० रुपये मानधन, म्हणजे ३,२०० रुपये. उरलेले ४०० रुपये झेरॉक्स, खडू आणि चहाला. जागा संघाची, तिचं भाडं नाही. पैसे तीन महिन्यांचे आधी घेतो. त्या दिवशी तिघेच आले तरी बाईंना पूर्ण मानधन मिळतं. पहिल्या वर्गात आम्ही डोक्यामागे पैसे द्यायचो. पाऊस पडला की चार माणसं यायची, आणि बाईंचं अर्धं मानधन रिक्षाभाड्यात जायचं.

ज्यांना ४०० रुपये झेपत नाहीत त्यांच्यासाठी दोन जागा मोकळ्या ठेवा. कोण भरत नाही हे फक्त हिशोब ठेवणाऱ्याला माहीत असावं.

लगेच ट्रस्ट काढायला धावू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचा हिशोब, ऑडिट, यात वर्गाची सगळी ताकद जाते. पहिलं वर्षभर एखाद्या नोंदणी असलेल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या किंवा संस्थेच्या छत्राखाली चालवा. मोठी मदत लागली तर तीच संस्था महापालिकेच्या समाज विकास विभागाकडे किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीकडे अर्ज करू शकते. कंपनीकडे जायचं असेल तर त्या संस्थेची त्यासाठीची वेगळी नोंदणी झालेली आहे ना, हे आधी विचारा. नाहीतर सगळे कागद भरून झाल्यावर नकार येतो. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तिथल्या योजनांची माहिती प्रत्यक्ष जाऊन घेता येते.

६. बाईंचा भार वाटून घ्या

वर्ग सुरू व्हायच्या आधी चार माणसं नेमा आणि त्यांची नावं बोर्डावर लिहा.

किल्लीवाले: खोली उघडणं, खुर्च्या लावणं, पंखा बंद-चालू. बाई येतील तेव्हा त्यांनी फक्त पर्स ठेवायची.

निरोपवाले: कोण येणार, कोण नाही, सुट्टी कधी, हे सगळं यांच्याकडे. व्हॉट्सअॅपच्या गटात बाईंना ठेवा, पण रात्री त्यांना वेगळा मेसेज करायचा नाही, हा नियम आमच्यात पहिल्या दिवसापासून आहे. आणि फोन करायचा नाही. आपल्यातल्या अनेकांना फोनवर बोलणं हे परीक्षेसारखं असतं.

हिशोबवाले: वर सांगितलंच.

आणि आवाजवाले, म्हणजे नीट ऐकू येणारा एक माणूस, कुणाचा तरी नवरा, मुलगी, शेजारीण. हे काम सगळ्यात मोलाचं. बाईंना तासभर एकच वाक्य तीन-तीनदा म्हणावं लागतं. घसा बसतो. दुसरा माणूस असला की वाक्यं आलटून पालटून म्हणता येतात, आणि शिकणाऱ्यांना दुसरा चेहराही वाचायला मिळतो. एकाच बाईंचे ओठ वाचायची सवय लागली तर बाहेर अडतं.

धड्यांचा साठा करा. बाई जे पान तयार करून आणतात त्याची एक प्रत जाड फाइलमध्ये लावा: विषय, वीस वाक्यं, फसवणारे शब्द, कुणाला काय अडलं. आमची फाइल आता तीन इंच जाड झाली आहे. बाई आजारी पडल्या तेव्हा त्यातलं "दवाखान्यात" हे पान काढून आवाजवाल्या ताईंनी तास घेतला. मराठीत छापील साहित्य इतकं थोडं आहे की प्रत्येक वर्गाची फाइल ही पुढच्या वर्गाची शिदोरी ठरते. तुमच्या भागात दुसरा वर्ग असेल तर पानांची देवाणघेवाण करा, आणि दोन्हीकडच्या बाईंना महिन्यातून एकदा चहाला भेटू द्या. त्या भेटीत शिकणाऱ्यांनी जायचं नाही. त्यांना त्यांच्या अडचणी एकमेकींशी बोलता आल्या पाहिजेत.

दर तीन महिन्यांनी दोन आठवडे सुट्टी. दिवाळीची वेगळी. हे आधीच कॅलेंडरवर लिहा, म्हणजे बाईंना रजा मागावी लागत नाही.

७. तास कसा चालावा

एक तास, मध्ये दहा मिनिटं थांबायचं. सतत ओठ बघणं डोळ्यांना आणि डोक्याला फार दमवतं, चाळीस मिनिटांनंतर चुका वाढतात. नव्या माणसाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. तो थकवा असतो, सगळ्यांना येतो.

आमचा क्रम असा: फळ्यावर विषय, मग आरशासमोर त्या दिवसाचे सारखे दिसणारे शब्द, मग बाई वाक्यं म्हणतात आणि आपण अर्थ लिहायचा. शब्दाला शब्द जुळला पाहिजे असं नाही. "मंडईत मेथी स्वस्त झाली" याचं "मेथी स्वस्त आहे" लिहिलं तरी पूर्ण गुण. शेवटची दहा मिनिटं विचारण्याचा सराव.

हा शेवटचा भाग गाळू नका. नाही कळलं की आपण "काय?" म्हणतो, समोरचा तेच वाक्य जास्त जोरात म्हणतो, आणि ओरडताना ओठ आणखी वेडेवाकडे होतात. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं सांगून उरलेलं विचारायचं: "शनिवारी भेटायचं हे कळलं, कुठे म्हणालात?" किंवा "दुसऱ्या शब्दांत सांगाल का?" आकडा असेल तर एकेक अंक विचारायचा, किंवा बोटानं तळहातावर लिहायला सांगायचं. सहा आणि दहा यांत मी अजूनही लिहूनच घेते.

चहाच्या वेळी एक नियम: कप तोंडासमोर असताना बोलायचं नाही, आणि एका वेळी एकानंच बोलायचं. बोलायच्या आधी हात वर. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण तीच दहा मिनिटं अशी असतात की कुणी मागे राहत नाही.

८. कागदपत्रं, आणि त्यांच्यावरून कुणाला अडवू नका

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि तपासणीला सरकारी रुग्णालयात जायचं. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही ठिकाणं बहुतेकांना माहीत आहेत. सोबत ठेवा:

- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा, मूळ आणि झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- ताजा ऑडिओग्राम आणि आधीचे सगळे रिपोर्ट
- अर्जाची छापील प्रत
- एक कार्ड: "मला कमी ऐकू येतं. माझा नंबर आल्यावर कृपया हात करा."

हे शेवटचं कार्ड खिडकीवर दाखवून तिथल्या माणसाला दिसेल असं बसा. तिथे नावं पुकारतात. आपलं नाव पुकारून झालेलं आपल्याला कळत नाही आणि अख्खा दिवस जातो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर "ऐकण्यात अडचण" आणि ७० डेसिबल किंवा जास्त असेल तर "कर्णबधिर" असं धरलं आहे. बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. ५० डेसिबलच्या आसपास असलेला माणूस यात बसत नाही, पण घरातल्या गप्पांमधून तो कधीच बाहेर पडलेला असतो. म्हणून वर्गाच्या प्रवेशाला प्रमाणपत्राची अट घालू नका. मदत देणारी संस्था अशी अट घालत असेल तर अर्ज करतानाच स्पष्ट बोला.

जन्मापासून किंवा लहानपणापासून ऐकू न येणारे अनेक जण खुणांच्या भाषेत बोलतात. ती त्यांची पूर्ण भाषा आहे. त्यांना वर्गाला यावंसं वाटलं तर दार उघडं, पण "ओठ वाचायला शिका, म्हणजे खुणांची गरज नाही" असं कुणीही कुणाला सांगू नये.

९. जे येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत

वर्गाची खबर वर्तमानपत्रापेक्षा ऑडिओलॉजिस्टच्या क्लिनिकमधून जास्त पसरते. तिथे एक पान लावा: ठिकाण, वार, वेळ, आणि फक्त मेसेजसाठी एक नंबर. औषधाच्या दुकानात, वाचनालयात, संघाच्या फलकावर तेच पान. ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, त्या आठवड्यात क्लिनिकवाले अशी पानं आनंदानं लावतात.

नोकरी करणारी माणसं दुपारी येऊ शकत नाहीत, आणि त्यांनाच मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त अडतं. महिन्यातून दोन रविवार सकाळी त्यांच्यासाठी ठेवता येतात का ते बघा. वाघोली किंवा धायरीहून कोथरूडला एका तासासाठी येणं अवघडच आहे. तिथल्या तीन-चार जणांनी मिळून आपला वर्ग काढावा, आणि बाईंनी महिन्यातून एकदा तिकडे जावं, त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च वेगळा देऊन.

व्हिडिओ कॉलवरचा वर्ग घराबाहेर न पडू शकणाऱ्यांसाठी ठेवा. ओठ आणि आवाज यांत अंतर पडतं, चेहरा लहान दिसतो. तसा घ्यायचाच असेल तर तिघांपेक्षा जास्त नकोत, बाईंचा चेहरा पडदाभर असू द्या, उजेड समोरून घ्या, आणि फोनऐवजी मोठा स्क्रीन वापरा. बोललेलं लिहून दाखवणारं गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीतही चालतं. सूचना सांगताना ते जरूर लावा, सरावाच्या वेळी बंद ठेवा. नावं आणि गावं ते बऱ्याचदा चुकवतं, म्हणून पत्ता नेहमी लिहूनच द्या.

१०. पहिल्या दिवशी

चष्मा, मशीन, जादा बॅटरी, हातातला छोटा आरसा, वही, पेन, पाण्याची बाटली. मास्क लागत असेल तर तो फक्त स्वतः बोलताना खाली घ्यायचा. घरातलं एक माणूस पहिल्या तासाला सोबत आणा, त्यालाही आरशात "मीठ" आणि "पीठ" म्हणायला लावा. माझ्या सुनेनं ते करून बघितलं आणि काही न बोलता बराच वेळ आरशाकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी तिनं ओट्यावरचा दिवा बदलला, आता तो तिच्या चेहऱ्यावर पडतो.